सुईतले तारुण्य आणि जिन्याच्या पायऱ्या

१ जून १८८९. पॅरिस शहर पाहुण्यांनी गजबजले होते. जागतिक प्रदर्शन नुकतेच सुरू झाले होते आणि त्यासाठी उभारलेला आयफेल टॉवर पाहायला देशोदेशींची माणसे येत होती. त्याच शहरात, जीवशास्त्राच्या अभ्यासकांच्या एका बैठकीत ७२ वर्षांचे एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. मज्जासंस्थेवरच्या संशोधनामुळे त्यांचे नाव युरोप-अमेरिकेतल्या वैद्यकीय वर्तुळात सर्वांना ठाऊक होते. मात्र त्या दिवशी ते मज्जारज्जूविषयी बोलले नाहीत. कुत्रा आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःच्या हातापायांत टोचून घेतला आणि गेली दहा-बारा वर्षे हरवलेली ताकद परत आली, असे त्यांनी जाहीर केले.

या प्राध्यापकांचे नाव शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार. उतारवयातल्या पुरुषाची घटती शक्ती हा तोवर वैदू, बुवा आणि जाहिरातदारांचा विषय होता. ब्राऊन-सेकार यांनी तो विज्ञानाच्या मंचावर आणला. त्यांचे उत्तर चुकले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता, आणि त्याचे आज हाती असलेले उत्तर त्यांच्याच टिपणांच्या आसपास दडलेले होते.

मॉरिशसचा पोरका मुलगा

ब्राऊन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्ये झाला. हेच ते बेट, जिथे पुढे मळ्यांवरच्या मजुरीसाठी कोकणातून गेलेली मराठी कुटुंबे स्थायिक झाली. त्यांचे वडील ब्राऊन हे फिलाडेल्फियाचे व्यापारी जहाजाचे कप्तान. मुलगा जन्मण्याआधीच ते समुद्रावर गेले ते परत आलेच नाहीत. आई शार्लोट सेकार फ्रेंच वंशाची. शिवणकाम करून तिने मुलाला वाढवले. या आईचे ऋण त्यांनी आयुष्यभर जपले आणि तिच्या निधनानंतर तिचे आडनाव आपल्या नावाला जोडले.

१८३८ मध्ये मायलेक पॅरिसला आले. मुलाला लेखक व्हायचे होते. पण त्याचे लेखन वाचलेल्या एका नामवंत साहित्यिकाने त्याला पोटापाण्याचा दुसरा धंदा शोधायचा सल्ला दिला. तो वैद्यकाकडे वळला. आई मॉरिशसहून आलेल्या विद्यार्थ्यांची खानावळ चालवून खर्च भागवत होती. मुलाचे शिक्षण पुरे होण्याआधीच ती गेली. १८४६ मध्ये ब्राऊन-सेकार डॉक्टर झाले, तेव्हा कौतुक करायला घरचे कोणी नव्हते.

त्यानंतरच्या काही वर्षांत हलाखीत राहून त्यांनी मज्जारज्जूवर प्रयोग केले. मज्जारज्जूची एकच बाजू कापली गेली, तर त्याच बाजूचा हातपाय लुळा पडतो. वेदना आणि उष्ण-थंडाची जाणीव मात्र विरुद्ध बाजूची जाते, हे त्यांनी दाखवून दिले. वेदनेचा संदेश वाहणारे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर लगेच बाजू बदलतात, हा त्याचा अर्थ. आजही पाठीच्या कण्याला अशी दुखापत झालेला रुग्ण आला, की त्या लक्षणसमूहाला डॉक्टर ब्राऊन-सेकार यांचेच नाव देतात. एवढ्या एका कामावरही त्यांचे नाव वैद्यकाच्या पुस्तकात राहिले असते.

स्वतःचे शरीर हीच प्रयोगशाळा

स्वतःवर प्रयोग करण्याची खोड त्यांना तरुणपणापासून होती. जठररस मिळवण्यासाठी ते दोऱ्याला बांधलेला स्पंज गिळत आणि वर ओढून काढत. या उद्योगामुळे गिळलेले अन्न पुन्हा तोंडात येण्याचा विकार त्यांना कायमचा जडला. १८५४ मध्ये ते मॉरिशसला असताना कॉलऱ्याची साथ आली. अफूच्या अर्काने रोग आटोक्यात येतो का हे पाहण्यासाठी त्यांनी रुग्णाची उलटी गिळली आणि मग अफूचा इतका मोठा डोस घेतला की जिवावर बेतले. पुढे अमेरिकेत रिचमंडच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असताना त्वचेचे कार्य तपासण्यासाठी त्यांनी अंगभर वार्निश फासले. ते बेशुद्ध सापडले. एका विद्यार्थ्याने अंग घासून वार्निश काढले म्हणून वाचले.

एका जागी ते कधी फार टिकले नाहीत. पहिल्यांदा अमेरिकेला गेले तेव्हा बोटीवरच इंग्रजी शिकले आणि तिथे पाच डॉलरला एक याप्रमाणे बाळंतपणे करून गुजराण केली. १८५६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी प्राण्यांच्या मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी मेले. या चिमुकल्या ग्रंथींवाचून जगता येत नाही, याचा तो महत्त्वाचा पुरावा होता. १८६० मध्ये लंडनला पक्षाघात आणि अपस्माराच्या रुग्णांसाठी नव्याने निघालेल्या रुग्णालयात ते डॉक्टर झाले. तिथे रुग्णांची एवढी रीघ लागली की संशोधनाला वेळ उरेना, म्हणून ते पद त्यांनी सोडले. १८६४ ते १८६७ ते हार्वर्डमध्ये प्राध्यापक होते. १८७८ मध्ये थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांच्या निधनानंतर पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समधली त्यांची खुर्ची ब्राऊन-सेकार यांच्याकडे आली. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. घरच्या आघाडीवरही स्थैर्य उशिरा आले. पहिली पत्नी १८६४ मध्ये वारली, दुसरा विवाह टिकला नाही, आणि साठीच्या सुमारास त्यांनी एका इंग्रज विधवेशी तिसरा विवाह केला.

मानाचे पद मिळाले, संसार लागला आणि नेमक्या त्याच वेळी शरीर थकू लागले.

सत्तरीतला थकवा

त्या थकव्याचे वर्णन त्यांनी एखाद्या रुग्णाचा इतिहास लिहावा तसे लिहून ठेवले आहे. पूर्वी ते जिने अक्षरशः पळत चढत. आता उतरतानाही कठड्याला धरावे लागे. प्रयोगशाळेत अर्धा तास उभे राहिले की बसायची गरज भासे. तीन-चार तासांचे काम झाले की घोडागाडीने घरी जायचे, घाईघाईने चार घास खायचे आणि अंथरुणाला पाठ टेकायची. रात्रीचे लेखन-वाचन तर वर्षानुवर्षे बंद पडले होते. पोट साफ होईना, लघवीची धार कमजोर झाली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही पुरुषाला ही यादी ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की बहुतेक जण ती कोणाला सांगत नाहीत. पत्नीलाही नाही आणि डॉक्टरलाही नाही.

या थकव्याचे कारण ब्राऊन-सेकार यांनी वृषणांत शोधले. लहानपणी खच्ची केलेल्या पुरुषांचे शरीर आणि स्वभाव वेगळा घडतो, हे सर्वांना माहीत होते. वृषणांतून रक्तात काहीतरी जाते आणि ते मज्जासंस्थेला जोर देते, असा तर्क त्यांनी १८६९ पासून मनाशी धरला होता. हा तर्क दूरदृष्टीचा होता. पण त्याला त्या काळचा एक गैरसमजही चिकटलेला होता. वीर्य वाया गेले की पुरुष दुबळा होतो, असे तेही मानत. आपल्याकडे वीर्यनाशाच्या भीतीने आजवर कितीतरी तरुणांची झोप उडवली आहे. त्या भीतीला आधुनिक वैद्यकात काहीही आधार नाही. वीर्य शरीरात सतत तयार होते आणि त्याच्या उत्सर्जनाने ताकद कमी होत नाही.

दहा इंजेक्शने

१५ मे १८८९ रोजी त्यांनी पहिले इंजेक्शन घेतले. तरुण, धडधाकट कुत्र्याच्या वृषणांतल्या शिरांचे रक्त, वीर्य आणि वृषण कुटून काढलेला रस थोड्या पाण्यात मिसळून, गाळून, ते मिश्रण त्यांनी त्वचेखाली टोचले. नंतर कुत्र्याऐवजी गिनीपिग वापरले. तीन आठवड्यांत दहा इंजेक्शने झाली. प्रत्येक वेळी तासन् तास ठणका लागे.

पण परिणाम पाहून ते स्वतःच थक्क झाले. पहिल्या काही दिवसांतच ते प्रयोगशाळेत तासन् तास उभे राहून काम करू लागले. रात्रीच्या जेवणानंतर अवघड विषयावर लिहू लागले. जिने पुन्हा पळत चढू लागले. नुसत्या भावनेवर भिस्त न ठेवता त्यांनी मोजमापही केले. पंजाची पकड मोजणाऱ्या डायनमोमीटरवर उजव्या हाताची सरासरी आधी सुमारे ३४.५ किलो होती, ती ४१ किलोवर गेली. लघवीची धार किती लांब जाते हेही त्यांनी मोजले. ती किमान एक चतुर्थांशाने वाढल्याचे नोंदवले. इंजेक्शने थांबवल्यावर सुमारे महिनाभराने जुना अशक्तपणा हळूहळू परतला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. हा सारा मनाचा खेळ असू शकेल, ही शंका त्यांनी स्वतःच मांडली आणि इतर डॉक्टरांनी प्रयोग करून पाहावेत असे आवाहन केले.

म्हातारचळ की चमत्कार?

बातमी फुटली आणि गदारोळ उठला. विद्वानांना वाटले, प्राध्यापकांना म्हातारचळ लागला. सत्तरी उलटलेल्या प्राध्यापकांना निवृत्त करणे का गरजेचे आहे याचा हा आणखी एक पुरावा, असा शेरा एका वैद्यकीय नियतकालिकाने मारला. आयुष्यभर मिळवलेली प्रतिष्ठा काही आठवड्यांत पणाला लागली.

बाजाराला मात्र या वादाशी देणेघेणे नव्हते. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा नामवंत बेसबॉलपटू पड गॅल्विन याने हा अर्क टोचून घेतला. पुढच्या सामन्यात त्याचा संघ जिंकला आणि वर्तमानपत्रांनी अर्काचे गुणगान गायले. खेळाडूने ताकदीसाठी संप्रेरकाच्या नावाचे औषध घेतल्याचे हे नोंदलेले सुरुवातीचे उदाहरण. भोंदू डॉक्टरांनी ‘जीवनामृत’ म्हणून वाटेल ते विकायला सुरुवात केली. अस्वच्छ अर्कामुळे काहींना गळवे झाली, जंतुसंसर्ग झाला. ब्राऊन-सेकार यांनी यातून पैसा कमावला नाही. आपल्या प्रयोगशाळेत काळजीपूर्वक बनवलेला अर्क ते डॉक्टरांना मोफत पाठवत आणि बदल्यात फक्त निष्कर्ष कळवा म्हणत.

सुईत होते तरी काय?

वृषणे जे संप्रेरक तयार करतात त्याचे नाव टेस्टोस्टेरॉन. ते शुद्ध रूपात वेगळे झाले १९३५ मध्ये, ॲमस्टरडॅमला, बैलांच्या ढीगभर वृषणांतून काढलेल्या काही मिलिग्रॅमच्या रूपात. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनवण्यातही यश आले. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली. वृषणे टेस्टोस्टेरॉन साठवून ठेवत नाहीत. तयार होताच ते रक्तात जाते. शिवाय ते पाण्यात फारसे विरघळत नाही. मग पाण्यात कालवलेल्या अर्कात ते येणार कुठून?

२००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी ब्राऊन-सेकार यांच्या कृतीबरहुकूम कुत्र्यांच्या वृषणांचा अर्क बनवला आणि त्यातले टेस्टोस्टेरॉन मोजले. परिणाम दिसण्यासाठी जेवढे लागते त्याच्या हजारो पटींनी ते कमी निघाले. म्हणजे १८८९ मध्ये जे घडले ते औषधाने नव्हे, विश्वासाने घडले. वैद्यकात याला प्लासिबो परिणाम म्हणतात.

पण तो परिणाम खोटा होता असे म्हणता येत नाही. डायनमोमीटरचा काटा खरोखरच पुढे सरकला होता. स्नायूची ताकद केवळ त्याच्या जाडीवर ठरत नाही. मेंदू आणि मज्जारज्जू त्या स्नायूतले किती तंतू एका वेळी कामाला लावतात यावरही ठरते. व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः याच कारणाने. स्नायू भरतात ते नंतर. उमेद वाढली, वारंवार तेच यंत्र दाबले, माणूस खुर्चीतून उठून तासन् तास उभा राहू लागला, तर काटा पुढे जाणारच. ज्या माणसाने मज्जारज्जूतल्या वाटा शोधल्या, त्याच्या बाबतीत मज्जासंस्थाच सुप्त ताकद बाहेर काढत होती आणि श्रेय मात्र कुत्र्याच्या अर्काला जात होते.

त्यांची मोजमापे, आजचे अर्थ

ब्राऊन-सेकार यांनी स्वतःवर केलेली मोजमापे आज पुन्हा पाहिली, तर ती आश्चर्यकारकरीत्या नेमकी वाटतात.

त्यांनी पंजाची ताकद मोजली. २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या पाहणीत, पकड दर ५ किलोने कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. आणि ही ताकद म्हातारपणीही वाढवता येते. १९९० मध्ये बोस्टनमध्ये सरासरी ९० वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांसाठी वजनाचे व्यायाम दिले गेले. ज्यांनी तो कार्यक्रम पूर्ण केला त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ब्राऊन-सेकार यांनी इंजेक्शनाने मिळवलेली वाढ वीस टक्क्यांच्या आसपास होती.

त्यांनी जिना मोजला. समागमाला लागणारे श्रम साधारण दोन मजले भराभर चढण्याइतके असतात. म्हणूनच हृदयविकाराच्या झटक्यानंतर कामजीवन पुन्हा सुरू करायचे का, असे विचारणाऱ्या रुग्णाला हृदयरोगतज्ज्ञ अनेकदा आधी जिन्याविषयी विचारतात. दोन मजले चढून छातीत दुखत नसेल, दम कोंडत नसेल, तर बहुतेकांना भीतीचे कारण नसते. रोज चालणाऱ्याचा जिना सोपा होतो आणि त्याच मापाने बाकीचेही.

त्यांनी लघवीची धार मोजली. वयानुसार ती मंदावण्याचे नेहमीचे कारण म्हणजे वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी, आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जावे लागते. पण ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या ज्या स्नायूंनी आपण लघवी अडवून धरतो, त्यांचा लिंगाच्या ताठरतेशीही संबंध असतो. ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांवर ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात या स्नायूंच्या व्यायामाने सहा महिन्यांत ४० टक्के पुरुष पूर्ववत झाले आणि आणखी सुमारे ३५ टक्क्यांमध्ये सुधारणा झाली. हा व्यायाम बसल्या जागी करता येतो: स्नायू आत ओढून काही सेकंद धरायचे, सैल सोडायचे, आणि असे दिवसातून काही वेळा करायचे. फक्त लघवी करताना तो करायचा नाही.

जे मोजता आले नाही

ब्राऊन-सेकार यांच्या काळात एक गोष्ट मोजता येत नव्हती, ती म्हणजे रक्तवाहिन्यांचे आरोग्य. उतारवयातली बहुतेक लैंगिक तक्रार वृषणांत नव्हे, रक्तवाहिन्यांत सुरू होते. ताठरता म्हणजे रक्त भरणे. त्यासाठी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराने नायट्रिक ऑक्साइड सोडावे लागते, म्हणजे वाहिनी सैलावते. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू आणि पोटाचा घेर या अस्तराची नासाडी करतात. लिंगातल्या रक्तवाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या त्याहून मोठ्या. म्हणून बिघाड आधी तिथे दिसतो. ताठरतेची तक्रार आणि हृदयविकार यांच्यात अनेकदा दोन ते पाच वर्षांचे अंतर असते. लाजेखातर दडवलेली ही तक्रार म्हणजे हृदयाने आधीच दिलेली सूचना असू शकते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांच्या पाहणीत ५२ टक्के पुरुषांना ही तक्रार कमी-अधिक प्रमाणात होती. म्हणजे ती मुळीच दुर्मीळ नाही.

चालणे, सायकल, पोहणे अशा दमछाक करणाऱ्या व्यायामाने हेच अस्तर सुधारते. २००४ मध्ये इटलीत ताठरतेची तक्रार असलेल्या ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षांचा प्रयोग झाला. आहार आणि व्यायाम यांचे नीट मार्गदर्शन मिळालेल्या ५५ जणांपैकी १७ जण औषधाशिवाय पूर्ववत झाले. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या ५५ पैकी फक्त तीन. ते पुरुष ३५ ते ५५ वयाचे होते, तेव्हा सत्तरीच्या पुरुषाने तेवढ्याच फळाची अपेक्षा धरू नये. पण दिशा तीच आहे. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेला निष्कर्ष असा, की बैठी जीवनशैली, लठ्ठपणा, रक्तदाब असलेल्या पुरुषांनी आठवड्यातून चार वेळा ४० मिनिटे, मध्यम ते जोरकस व्यायाम सहा महिने केला तर ताठरता सुधारते. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांवरील सर्वांना आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम, दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते.

टेस्टोस्टेरॉनचे काय? ते वयानुसार हळूहळू घटते. रक्ततपासणीत ते खरेच कमी असेल आणि लक्षणेही असतील, तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते देतात आणि कामेच्छेत काही सुधारणाही होते. पण धडधाकट माणसाने तारुण्यासाठी ते टोचून घेणे म्हणजे १८८९ चीच पुनरावृत्ती, फक्त या वेळी सुईत खरे औषध आणि त्याचे खरे दुष्परिणाम. पोटाचा घेर कमी केला तर अनेकांचे टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढते.

व्यायाम सुरू करतानाही ब्राऊन-सेकार यांच्यासारखी घाई नको. बरीच वर्षे बसून काढलेल्याने, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्याने आधी डॉक्टरांना दाखवावे, दहा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात करावी आणि आठवड्याआठवड्याला वाढवत न्यावे. हृदयासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्याने ताठरतेच्या गोळ्या चुकूनही घेऊ नयेत. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो.

मागे उरलेले

ब्राऊन-सेकार यांनी आपला दावा शेवटपर्यंत सोडला नाही. पुढची काही वर्षे ते सहकारी दार्सोनव्हाल यांच्याबरोबर निरनिराळ्या अवयवांच्या अर्कांवर काम करत राहिले. १८९४ च्या सुरुवातीला पत्नी वारली आणि एप्रिलमध्ये तेही गेले. वयाची ७७ वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस उरले होते. अर्काने त्यांना तरुण केले नव्हते.

पण त्यांच्या चुकीतून एक खरी गोष्ट उगवली. अवयव रक्तात काही सोडतात आणि ते कमी पडले तर बाहेरून देता येईल, ही कल्पना त्यांनी हट्टाने धरून ठेवली होती. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क थायरॉइड निकामी झालेल्या एका स्त्रीला टोचला. ती बरी झाली आणि पुढे २८ वर्षे जगली. या वेळी अर्कात खरेच संप्रेरक होते. तीच वाट पुढे १९२२ मध्ये इन्सुलिनपर्यंत गेली. आज मधुमेहाचा रुग्ण सकाळी सुई टोचतो, तेव्हा त्यामागे पॅरिसमधल्या त्या हसे झालेल्या म्हाताऱ्याचाही थोडा वाटा असतो.

पुरुषाच्या गेलेल्या तारुण्याचा बाजार त्यांच्यानंतरही थांबला नाही. विसाव्या शतकात कुणी शुक्रवाहिनी बांधून तारुण्य विकले, कुणी माकडाच्या वृषणाचे तुकडे शिवून. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती आजही तेच सांगतात आणि मोबाइलवरच्या जाहिरातीही. या साऱ्यांच्या गर्दीत ब्राऊन-सेकार यांची वही वेगळी उठून दिसते, कारण त्यांनी काय मोजायचे ते अचूक निवडले होते: पकड, पायऱ्या, उभे राहण्याचा दम. ती तिन्ही मापे आजही घरबसल्या घेता येतात. ती सुधारण्यासाठी कुत्र्याचा अर्क लागत नाही, लागतात फक्त रोजच्या पायऱ्या आणि काही महिन्यांचा धीर.